अनुभव धागा : ‘थ्रेडबेअर’ तुम्हाला कुठे भेटला?

मागच्या महिन्यात एका संस्थेच्या मिटिंगचं इतिवृत्त मराठीत करत होते, त्यात वाक्य आलं ‘द मॅटर वॉज डिस्कस्ड थ्रेडबेअर’. मला हा शब्द माहीत होता तो झिजलेल्या कापडासाठी, म्हणून मी ‘जुन्याच मुद्द्यावर पुन्हा चर्चा झाली’ असं लिहून दिलं आणि ते तसंच छापून गेलं. मग सेक्रेटरींचा फोन, अहो ताई आम्ही तीन तास बसून एकेक बाजू तपासली आणि तुम्ही तर उगाळलं म्हणताय! फार वाईट वाटलं. तुमचे अनुभव सांगा ना, मराठीत काय म्हणता तेही.

ताई, मी बँकेत मिनिट्स लिहायचो, हे वाक्य ठरलेलंच असायचं. हा आपल्याकडच्या इंग्रजीतला वापर, आपल्या इंग्रजी पेपरात नेहमी दिसतो. आम्ही आपसात ‘मुद्द्याचा कीस काढला’ म्हणायचो आणि कागदावर ‘सांगोपांग चर्चा’.

मी इचलकरंजीचा, घरात लूम. हा मुळात लोकरी कापडाचा शब्द आहे. इंग्लंडात लोकरीचं कापड विणून झालं की काटेरी बोंडांनी घासून वर लव काढायचे आणि ती कातरून सारखी करायचे, वापरून वापरून ती लव गेली की खालचा ताणाबाणा उघडा पडतो, तो थ्रेडबेअर. म्हणजे फाटलेलं नाही हं, हे लक्षात घ्या. चौदाव्या शतकात इंग्रजी कवी चॉसरनेसुद्धा ऑक्सफर्डच्या गरीब विद्यार्थ्याच्या अंगावर असाच कोट घातलाय.

वरचं वाचून मला आजीच आठवली. तिचं नऊवारी धुवून आलं की ती दारात उजेडाकडे तोंड करून उभी राहायची, लुगड्याच्या मागे तळहात धरायची, आणि हाताच्या रेषा दिसल्या की म्हणायची, ‘विरलं गं हे’. कुठेही भोक नाही, रंगही बरा, पण बसायच्या जागी नुसती जाळी. मग तो विरलेला भाग कापून टाकायचा आणि उरलेले दोन तुकडे मधे शिवण घालून जोडायचे, त्याला दांड घालणं म्हणतात. दांडाचं लुगडं रोज घरात नेसायची, पण लग्नकार्याला नाही नेसायची कधी. तेही विरलं की गोधडीत. माझ्यासाठी थ्रेडबेअर म्हणजे विरलेलं, जीर्ण नाही, कारण जीर्ण म्हटलं की हात लावल्यावर तुटेल असं वाटतं आणि आजीचं लुगडं शेवटपर्यंत मऊ होतं.

लीड्समधून लिहितेय. आमच्या भाड्याच्या घरात जिन्यावरचा गालिचा कडेला दाट आणि मधे पाय पडून पडून थ्रेडबेअर, तिथे हा शब्द मला कळला. पण इथे फुटबॉलच्या बातम्यांत ‘थ्रेडबेअर स्क्वॉड’ पण म्हणतात, बरेच खेळाडू जखमी असले की. तिथे जुनेपणाचा संबंधच नाही, विरळ झालेला संघ एवढंच.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. ‘थ्रेडबेअर एक्स्क्यूज’ला मुलं ‘विरलेली सबब’ लिहितात, मी ते कापतो कारण असं कुणी बोलत नाही. सबब असेल तर ‘तीच ती सबब’, विनोद असेल तर ‘घासून गुळगुळीत झालेला’, विषय असेल तर ‘चावून चोथा झालेला’. एकच प्रतिशब्द शोधत बसलं की भाषांतर फसणार, माझं हे ठाम मत आहे.

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘सांगोपांग’ घालून दुरुस्ती पाठवली आजच. आणि कुणाच्या घरी दांड घातलेलं लुगडं अजून जपलेलं असेल तर त्या शिवणीचा फोटो टाका प्लीज, मला बघायचीय.