सोडा आणि व्हिनेगर एकत्र कशाला?

सिंक साफ करायला खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओता, असं बरेच जण सांगतात. फेस झकास येतो, पण तो नुसता कार्बन डायऑक्साइड. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना मारतात आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्याने काहीच निघत नाही. त्यापेक्षा ओलसर सोड्याने आधी चिकटा घासा, धुवा, मग नळाभोवतीच्या पांढऱ्या क्षारांवर वेगळं व्हिनेगर लावा.

वासाचंही तेच गणित. फ्रिजमध्ये दूध सांडून आंबूस वास येत असेल तर तो आम्लांचा, तिथे सोडा चालतो. डबीत नको, पसरट ताटलीत ठेवा. बांगडे साफ केल्यावर ओट्याला येणारा वास मात्र अमाइन्स नावाच्या रसायनांचा, आणि ती मुळातच अल्कधर्मी. तिथे सोडा फासून उपयोग नाही, चिंचेचा कोळ किंवा पिळलेलं लिंबूच हवं. (आमच्याकडे चिंच.)

करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि चमचाभर सोडा घालून उकळा, खरपूड सुटते. ॲल्युमिनियमच्या कढईला हा प्रयोग नको, काळी पडते. आणि धुण्याचा सोडा वेगळा, जास्त तीव्र. तो घेतलात तर हातमोजे घाला.