काचेचे जेलीफिश खरंच कुणी बनवलेत का?

परभणीकर: पोराच्या प्रोजेक्टसाठी फोटो शोधायलो तर काचेचे ऑक्टोपस, जेलीफिश दिसले, इतके हुबेहूब की मला वाटलं एआयचे असतील, कुणाला माहितीय का?

लातूरची ताई: नाही हो दादा, खरे आहेत. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे ब्लाश्का बापलेक, लिओपोल्ड अन् रुडॉल्फ. 1863 पासून म्युझियमसाठी बनवायचे, कारण स्पिरिटच्या बरणीत जेलीफिशचा रंग उडतो, आकार पार बसतो. दिव्याच्या आचेवर काच मऊ करून एकेक सोंड ओढायची, कुठंकुठं आत बारीक तार, वरून रंग. लई चिकाटीचं काम!

नांदेडवाला: अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांचे 500 च्या वर काचेचे नमुने आहेत. पण पोराला आधी गोदावरीवर नेऊन शिंपले, गोगलगायी दाखवा की राव, सगळं स्क्रीनवरच बघणार का?

परभणीकर: नेतो, पात्रात पाणी असलं तर 😄