स्टीमपंक म्हणजे टोपीवर चाकं चिकटवणं नव्हे!

पितळी_भोंगा: काल इथं एकानं लिहिलं, ‘स्टीमपंक म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळाची हळहळ. टोपीवर दोन चाकं चिकटवली की झालं.’ रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. नव्यांसाठी: वाफेच्या यंत्रांच्या युगावर बेतलेल्या कल्पनारम्य गोष्टी, पोशाख आणि वस्तू, त्यांना स्टीमपंक म्हणतात. मी न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला राहतो. तिथून गाडीनं तीनेक तासांवर ओमारू गाव. पांढऱ्या चुनखडीच्या देखण्या इमारती, पण बंदराचा व्यापार बसला आणि गावाची रया गेली. २०११ मध्ये तिथल्या जुन्या धान्यकोठारात स्टीमपंक एचक्यू नावाचं संग्रहालय सुरू झालं. दारातल्या इंजिनात नाणं टाकलं की धूर आणि ज्वाळा. आत एक ऑर्गन आहे, दर पट्टीला निराळाच आवाज. मी अर्धा तास तिथून हललो नाही. माझे आजोबा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. सूर उमटण्याआधी भात्यात हवा भरते ना, तो आवाज मी त्यांच्या पायाशी बसून ऐकलाय. यंत्र कसं चालतं ते डोळ्यांना दिसावं, हाताला कळावं, एवढंच मला यात हवं असतं. यात राणी आली कुठून?

बोरघाट: ती ओळ माझीच, आणि मी ती मागे घेणार नाही. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, तिचं कौतुक सगळ्यांना असतं. पण १८६३ ला बोरघाटातला रेल्वेमार्ग खुला होईपर्यंत तिथे हजारो मजूर मेले, पटकीनं, तापानं, सुरुंगानं. माझं आजोळ खंडाळ्याचं. वाफेचं युग म्हटलं की मला ते बोगदे दिसतात, टॉप हॅट नाही.

पितळी_भोंगा: मग ते बोगदेच आणा की यात! इंजिन आपल्या लोहाराच्या हातात असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न विचारायला याहून चांगली जागा कुठली?

निशा_क: मी इंग्लंडात लिंकनच्या स्टीमपंक संमेलनाला नऊवारी नेसून गेले होते. वर चामड्याचा पट्टा, नाकात घड्याळाच्या चाकांची नथ. तिथे चहाचं द्वंद्व असतं. बिस्कीट चहात बुडवून बाहेर काढायचं आणि न सांडता जो सगळ्यात उशिरा खाईल तो जिंकला. मी दुसऱ्या फेरीत हरले, पण नथ कशी केली ते विचारायला रांग लागली होती.

चावीवाला: ताई, नथीची चाकं कुठून आणलीत?

निशा_क: ऑनलाइन. शंभर ग्रॅमचं पाकीट मिळतं.

चावीवाला: तेच ते! वडिलांचं सोलापुरात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आता मी बसतो. गेल्या वर्षी एकजण आला आणि जुनी एचएमटी किलोवर मागायला लागला. त्यातलं ‘जनता’ मॉडेल, आत सतरा ज्वेल म्हणजे माणकाचे खडे, चावी दिली की चालणारं! बंगळूरचा घड्याळाचा कारखाना बंद झाला, ही जुनी गेली की गेली. ती फोडून तुम्ही नाकात घालता?

पितळी_भोंगा: दादा, विषय भलतीकडे चाललाय.

चावीवाला: भलतीकडे? ‘यंत्र हाताला कळावं’ हे तुम्हीच लिहिलंत ना? नथीतलं चाक कुणाला काय कळवतं? घड्याळाची चाल सांभाळणारी हेअरस्प्रिंग केसाएवढी असते. ती सरळ करताना वडील श्वास रोखून धरायचे. तुमच्या गोंदाखाली ती मेली.

निशा_क: आवाज चढवू नका. पाकिटातली घड्याळं चालू होती की बंद, मला काय माहीत?

चावीवाला: विचारलंत का?

निशा_क: नाही विचारलं. चुकलं.

बोरघाट: पहिल्यांदाच कुणीतरी कारागिराबद्दल बोललं. चावीवाले, तुमचं शंभर टक्के पटलं.

पितळी_भोंगा: मी बनवलेल्या स्टीमपंक दिव्यातही चार चाकं आहेत आणि ती शोभेचीच आहेत, हे मान्य. यापुढे गंजून गेलेलीच घेईन. पण चाकं चिकटवणाऱ्यांमुळे अख्ख्या छंदाला नावं ठेवू नका, हे अजूनही म्हणतो. आजोबांचं चावीचं घड्याळ माझ्याकडे आहे. चावी भरते, पण चालत नाही. तेही दिव्यात घालणार होतो.

चावीवाला: थांबा! कानाशी धरून हलकेच हलवा. दोन-चार टिकटिक होऊन थांबलं तर बहुधा तेल सुकलंय. काहीच नाही झालं तर बॅलन्सचा, म्हणजे आत मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा, दांडा बघावा लागेल. मागचं झाकण तुम्ही उघडू नका. सोलापूरला आलात की घेऊन या.

पितळी_भोंगा: हलवलं. तीनदा टिकटिक झाली.