रोज पाच-सहा किलोमीटरच जायचं असेल तर बीएस-६ डिझेल घेऊ नये

खंबाटकी :
‘महिन्याला दीड हजार किलोमीटर होत असतील तर डिझेल, नाहीतर पेट्रोल’ असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झाले आणि तो हिशोब मोडला. महिन्याचे किलोमीटर मोजून उपयोग नाही, गाडी एका दमात किती वेळ चालते ते मोजा.

कारण डीपीएफ, म्हणजे डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेतला फिल्टर. धुरातली काजळी तो अडवतो आणि साठली की जाळतो, यालाच रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. कोथरूडहून शिवाजीनगरला सिग्नलमागून सिग्नल घेत जाताना इंजिन नीट गरम होईपर्यंत ऑफिस येतं. तेवढ्यात रिजनरेशन सुरू झालेलं असलं, तर काजळी जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. किल्ली फिरवून ते अर्धवट तोडलं की पुढच्या वेळी पुन्हा तेच. ऑइल पातळ होतं, डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी चक्क वाढते, आणि इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर जगत असतं. अशा वापराला बिनटर्बोचं १.२ पेट्रोल उत्तम.

टॉर्क२६० :
अजिबात सहमत नाही. रिजनरेशन चालू आहे हे ओळखता येतं. उभ्या गाडीत आरपीएम ८०० वरून हजाराकडे सरकतो, रेडिएटरचा फॅन जोरात फिरतो, स्क्रीनवरचं ऍव्हरेज एकदम पडतं. हे दिसलं की गाडी बंद करायची नाही, दहा-पंधरा मिनिटं आणखी चालवायची. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागलाच तर हायवेला जाऊन ६० च्या वर, एक गिअर खाली ठेवून, २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं. टाकी रिझर्व्हला नको, बऱ्याच गाड्या तेव्हा रिजनरेशन सुरूच करत नाहीत.

पेट्रोलचंही बोला. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे ई-२० मध्ये (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये) लिटरमागे सहा-सात टक्के आधीच गेले. शिवाय घाट आहेच. जुन्या स्विफ्टचं १.२ पेट्रोल ११३ न्यूटन मीटर टॉर्क (ओढायची ताकद) देतं, तेही ४४०० आरपीएमला. नेक्सॉनचं डिझेल १५०० पासूनच २६० देतं. पाच माणसं आणि एसी घेऊन वरंध घाट चढताना हा फरक प्रत्येक वळणावर कळतो.

पाना-१०नंबर :
दोघांनीही ऑइलच्या ग्रेडचा विषय काढला नाही, आणि डीपीएफ कायमचा जातो तो बहुतेक तिथेच. काजळी जळते, राख जळत नाही. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर सी-२ किंवा सी-३ लिहिलेलं. नेमकं कोणतं ते मॅन्युअलमध्ये असतं. ट्रक-ट्रॅक्टरचं सीआय-४ प्लस ओतलं तर डीपीएफची जाळी राखेने भरते आणि मग कितीही हायवे मारला तरी मोकळी होत नाही.

दिवा वारंवार लागतो म्हणून थेट डीपीएफ बदलायला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारा वॉल्व्ह, पाहा. तो उघडा अडकला तर इंजिन पुरेसं तापत नाही आणि रिजनरेशन सुरूच होत नाही. मग डीपीएफच्या प्रेशर सेन्सरच्या दोन रबरी नळ्या पाहा, तडकल्या की रीडिंग चुकतं. हे दोन्ही भाग डीपीएफच्या मानाने किरकोळ किमतीचे.

खंबाटकी :
ऑइलचा मुद्दा शंभर टक्के मान्य, घाटाचाही. पण काजळी जाळायला रात्री वीस मिनिटं हायवेला जा, हे घरच्या गाडीच्या मालकाला सांगणं मला पटत नाही. गाडी आई चालवणार, मुलगी चालवणार. प्रत्येकाने फॅनच्या आवाजावर लक्ष ठेवायचं का? डिझेलचं जे नाव आहे ते फियाटच्या १२४८ सीसी मल्टिजेटसारख्या इंजिनांनी कमावलेलं. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, लिनिया या गाड्यांत ते शहरातही निमूट चाललं, कारण त्यांत डीपीएफ नव्हता. त्या पुण्याईवर आजचं डिझेल निवडू नये.

अर्थात थेट इंजेक्शनचं टर्बो पेट्रोल घेऊन सुटका होईल असंही नाही. थंड इंजिनावर छोट्या फेऱ्या मारल्या तर त्याच्याही ऑइलमध्ये इंधन उतरतं.

टॉर्क२६० :
घरात चार जण चालवणार असतील तर तुमचं बरोबर, तिथे पेट्रोल घ्या. पण आठवड्यातून एकदा पुणे-सातारा होणाऱ्याला उगाच घाबरवू नका. वापरलेलं बीएस-६ डिझेल घेणाऱ्यांनी मात्र पैसे देण्याआधी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून घ्यावा. काजळीचा साठा किती, शेवटचं पूर्ण रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं, हे बहुतेक गाड्यांत वाचता येतं. आणि डिपस्टिक वर काढून वास घ्या. पातळी खुणेच्या वर आणि डिझेलचा वास असेल तर ती गाडी सोडा.