संगणकात मोबाइल शिरला तेव्हा : आपापले अनुभव लिहा

धागाकर्ता

ॲपलने २० ऑक्टोबर २०१० रोजी ‘बॅक टू द मॅक’ नावाचा कार्यक्रम घेतला आणि आयफोन व आयपॅड घडवताना जे सुचले, ते आता मॅकवर आणत आहोत, असे उघडपणे सांगितले. पुढच्या वर्षी २० जुलैला मॅक ओएस एक्स लायन ही मॅकच्या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती आली. बोटाच्या दिशेने सरकणारे पान, काम नसताना लपून बसणाऱ्या स्क्रोल पट्ट्या, ॲप्सची चित्रे फोनसारखी पडदाभर मांडणारे लाँचपॅड, सगळा पडदा व्यापणारी ॲप्स आणि आपोआप सेव्ह होणाऱ्या फाइली हे सारे तिच्याबरोबर आले. विंडोज ८ ने तर २६ ऑक्टोबर २०१२ रोजी स्टार्ट मेन्यूच काढून टाकला आणि त्याच्या जागी टाइल्सनी भरलेला पूर्ण पडदा ठेवला.

संगणकाचा मोबाइल होतो आहे हे बरे की वाईट, यावर तेव्हापासून पुष्कळ लिहून झाले आहे आणि त्यात भर घालावी असे मला वाटत नाही. मला जाणून घ्यायचे आहे ते एवढेच की यांतली कोणती सुविधा आपण कोणत्या कामात वापरली, आणि पुढे ती अंगवळणी पडली, बंद केली की तिच्याशी तडजोड केली. माझा स्वतःचा अंदाज असा आहे की एखादी सोय मोबाइलवरून आली एवढ्यावरून फारसे कोणी रागावत नाही. ती येताना संगणकावरची हाताखालची एखादी गोष्ट काढून घेते, तेव्हा लोक संतापतात. हा अंदाज चुकीचा ठरवणारे अनुभव असतील तर ते अवश्य लिहावेत.

भाषांतरकार

मी फ्रेंच आणि स्पॅनिश मजकुरांची भाषांतरे करते. पूर्वी चिन्हांकित अक्षरे उमटवण्यासाठी ऑप्शन कळीच्या जोड्या पाठ ठेवाव्या लागत. ऑप्शनसह ई दाबून पुन्हा ई दाबले की त्यावर तिरकी रेघ येई, आणि एनवरच्या नागमोडी रेघेसाठी तशीच वेगळी जोडी होती. लायनपासून अक्षराची कळ दाबून धरली की आयफोनवर येते तशी एक छोटी पट्टी वर येते, आणि तीत दिसणारा आकडा दाबला की हवे ते अक्षर उमटते. रोजची अक्षरे मी अजूनही जुन्या जोड्यांनीच लिहिते, कारण त्या बोटांत बसल्या आहेत. पण एखाद्या पोर्तुगीज किंवा पोलिश नावातले क्वचित लागणारे अक्षर आले की ही पट्टी फार उपयोगी पडते. जुने तसेच ठेवून त्याच्या शेजारी नवे दिल्यामुळे मला तक्रारीला जागाच उरली नाही.

पान सरकण्याच्या उलट्या दिशेबद्दल मात्र माझे दोन मनांचे उत्तर आहे. ट्रॅकपॅडवर बोट ठेवले असता पान बोटाबरोबर जावे हे पटते आणि त्याची सवयही लवकर झाली. पण माउसचे चाक फिरवताना आपण पान ओढतो आहोत असे हाताला वाटतच नाही, त्यामुळे तिथे मला जुनी दिशा हवी असते. मॅकच्या सेटिंग्जमध्ये हा पर्याय माउस आणि ट्रॅकपॅड अशा दोन्ही ठिकाणी दिसतो खरा, परंतु एकीकडे बदलला की दुसरीकडेही बदलतो. अखेर दोन्ही साधनांसाठी वेगळी दिशा ठेवणारे एक छोटे ॲप मी बसवून घेतले.

प्रोग्रॅमर

वरच्या अनुभवातली तीच पट्टी माझ्या कामात अडथळा ठरली. व्हीआय पद्धतीच्या, म्हणजे सगळे कीबोर्डवरूनच चालवण्याच्या, मजकूर-संपादकात ओळीमागून ओळ खाली जाण्यासाठी ‘जे’ (j) ही कळ दाबून धरायची असते. लायनने कळ दाबून धरण्याचा अर्थच बदलल्यामुळे अनेक संपादकांत अक्षराची पुनरावृत्ती थांबली, आणि ज्या अक्षराला कोणतेही पर्यायी रूप नाही त्याच्या बाबतीत तर पट्टीही येत नसे व पुनरावृत्तीही होत नसे. ही सोय बंद करता येते, पण त्यासाठी सेटिंग्जमध्ये साधी चौकट नाही; टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, जाऊन एका ओळीची आज्ञा द्यावी लागते. ती आज्ञा मी नव्या संगणकावर सर्वांत आधी देतो.

चित्रफीत संपादक

माझ्या मेजावर दोन मॉनिटर असतात. एकावर कापाकापीची पट्टी आणि दुसऱ्यावर दृश्य, ही आमच्या कामाची नेहमीची मांडणी आहे. लायनमधली पूर्ण पडद्याची सुविधा मोठ्या उत्सुकतेने वापरली, तर एका मॉनिटरवर ॲपने सगळा पडदा व्यापताच दुसरा मॉनिटर राखाडी कापडाच्या पोताने झाकला जाई आणि त्याचा काही उपयोग करता येत नसे. आयपॅडला पडदा एकच असल्याने तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही; पण संगणकाला दुसरा पडदा जोडणे ही तेव्हाही काही दुर्मीळ गोष्ट नव्हती. २२ ऑक्टोबर २०१३ रोजी मॅकची मॅव्हरिक्स ही आवृत्ती आली, तेव्हा प्रत्येक मॉनिटरला स्वतःची मेन्यूपट्टी आणि स्वतंत्र पूर्ण पडदा मिळाला. तोवर मी ती सुविधा फक्त प्रवासात, लॅपटॉपवर लेख वाचण्यापुरती वापरत होतो, आणि तिथे ती खरोखर चांगली होती.

तांत्रिक लेखिका

धागाकर्त्यांच्या अंदाजाला सर्वांत जवळचे उदाहरण ‘सेव्ह ॲज’चे आहे असे मला वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे बहुतेक लेखन जुन्या लेखनावर उभे असते. एखाद्या यंत्राची मागच्या आवृत्तीची माहितीपुस्तिका उघडायची, तीत बदल करायचे आणि काम पुरेसे पुढे गेले की नव्या नावाने सेव्ह करायची, ही माझी कैक वर्षांची रीत. तिच्यामागे एक गृहीत आहे: मी सांगत नाही तोपर्यंत मूळ फाइलला हात लागणार नाही. लायनमध्ये टेक्स्टएडिट, प्रीव्ह्यू आणि पेजेस यांसारख्या ॲप्सनी आपोआप सेव्ह करण्याची पद्धत स्वीकारली आणि ‘सेव्ह ॲज’ मेन्यूतून गेले. त्या जागी ‘डुप्लिकेट’ आले. म्हणजे बदल करायला बसण्याआधीच आपल्याला प्रत हवी आहे की नाही हे ठरवणे भाग पडले, आणि लेखनात हे आधी ठाऊक असतेच असे नाही.

मोबाइलवर ही कल्पना बिनधोक चालते. तिथे टिपणवहीत लिहिले की ते राहते. सेव्ह हा शब्दही कुठे दिसत नाही आणि त्या काळात आयफोनवर फाइली अशा दिसतच नव्हत्या. संगणकावर मात्र फाइल ही लोकांच्या कामाची मूळ वस्तू आहे, तिला नाव असते, जागा असते, आणि तिच्या दोन प्रतींतला फरक पुष्कळदा पैशाचा किंवा जबाबदारीचा असतो. शिवाय सगळ्या ॲप्सनी नवी रीत घेतलीच नाही, त्यामुळे एकाच संगणकावर एका खिडकीत सेव्ह करावे लागे आणि दुसऱ्या खिडकीत ते आपोआप होई. हा गोंधळ मला मूळ बदलापेक्षाही अधिक त्रासदायक वाटला.

२५ जुलै २०१२ रोजी लायननंतरची माउंटन लायन ही आवृत्ती आली तेव्हा ऑप्शन कळ दाबून धरल्यावर ‘सेव्ह ॲज’ पुन्हा दिसू लागले. परंतु त्या पहिल्या रूपात केलेले बदल नव्या प्रतीबरोबर मूळ फाइलमध्येही राहत, म्हणजे नाव जुने आणि वागणे नवे. मूळ फाइलमधले बदल ठेवायचे की टाकायचे हे विचारण्याची सोय १०.८.२ या सुधारणेत मिळाली, आणि तेव्हा माझी रीत पूर्ववत झाली. आपोआप सेव्ह होण्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही हे स्पष्ट करते. फाइलची जुनी रूपे एकामागोमाग पाहता येण्याची जी सोय लायनमध्ये त्याच्याबरोबरच आली, ती मी आजही वापरते आणि तिच्याशिवाय काम करण्याची कल्पना मला करवत नाही.

लेखापाल

माझा अनुभव विंडोज ८ चा आहे. आमचे काम म्हणजे एका बाजूला हिशेबाचा प्रोग्रॅम, दुसऱ्या बाजूला एक्सेल आणि मध्ये उघडझाप करणारा कॅल्क्युलेटर. तो कॅल्क्युलेटर शोधण्यासाठी स्टार्टची कळ दाबली की सगळ्या खिडक्या नाहीशा होऊन टाइल्सचा पडदा समोर येई, आणि ज्या आकड्यासाठी कॅल्क्युलेटर हवा होता तो आकडाच डोळ्यांआड होई. संगणक बंद करण्यासाठी दर्शक उजव्या कोपऱ्यात नेऊन चार्म्सची पट्टी बाहेर काढावी, तीतून सेटिंग्ज आणि तिथून पॉवर, असा मार्ग होता. तो कोणी दाखवल्याशिवाय सापडणे कठीण, कारण पडद्यावर त्याची कोणतीही खूण नव्हती. बोटाने कडेवरून आत ओढण्याची क्रिया टॅब्लेटवर सहज सुचते. माउसने कोपरा गाठण्याची क्रिया तशी सुचत नाही.

१७ ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ मध्ये स्टार्टचे बटण परत आले, पण ते दाबले की पडदा तोच उघडे. मात्र त्यावर उजवी टिचकी दिल्यावर संगणक बंद करण्याचा पर्याय मिळू लागला, हे माझ्या दृष्टीने मोठेच काम झाले. खरा मेन्यू परतला तो २९ जुलै २०१५ रोजी, विंडोज १० बरोबर. न्याय म्हणून हेही नोंदवतो की याच विंडोज ८ मधला नवा टास्क मॅनेजर आणि फाइल कॉपी होताना वेगाचा आलेख दाखवणारी खिडकी मला मनापासून आवडली होती. टाइल्सच्या गदारोळात त्यांच्याविषयी कोणी बोलले नाही.

स्पर्शपडद्याचा लॅपटॉप वापरणारा विद्यार्थी

उभ्या पडद्यावर सतत बोट चालवले तर हात भरून येतो, हा आक्षेप स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० च्या त्याच कार्यक्रमात मांडला होता आणि तो खरा आहे. पण सतत कोण चालवतो? मी नकाशा मोठा करायला किंवा लांब पान सरकवायला अधूनमधून पडद्याला हात लावतो आणि बाकी सर्व कामे कीबोर्डवर करतो.

दृष्टिहीन प्राध्यापिका

उसनवारी एकाच दिशेने झाली असे गृहीत धरून सर्वजण लिहीत आहेत, म्हणून वेगळी नोंद करते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे व्हॉइसओव्हर मॅकवर २००५ मध्ये टायगर या आवृत्तीबरोबर आले आणि आयफोनवर ते २००९ मध्ये, थ्रीजीएस या मॉडेलच्या वेळी पोहोचले. फोनवर मात्र त्याला नवे रूप मिळाले: काचेवर बोट फिरवावे आणि बोटाखाली जे असेल त्याचे नाव ऐकावे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या स्नो लेपर्ड या मॅकच्या आवृत्तीने ही रीत मॅकच्या ट्रॅकपॅडवर आणली. तोपर्यंत माझ्यासाठी खिडकी म्हणजे एकामागून एक ऐकू येणाऱ्या गोष्टींची रांग होती. ट्रॅकपॅड म्हणजेच खिडकी असे मानून बोट फिरवता येऊ लागल्यावर बटण वर उजवीकडे आहे की तळाशी, हे मला पहिल्यांदा कळू लागले, आणि डोळस सहकाऱ्याने फोनवरून ‘डावीकडच्या यादीत बघा’ असे सांगितले तर त्याला अर्थ प्राप्त झाला. कीबोर्डवरच्या आज्ञा सगळ्या तशाच राहिल्या आणि घाईच्या कामात मी त्याच वापरते. स्क्रोल पट्ट्या लपल्याचे दुःख माझ्यापर्यंत पोहोचले नाही, हे सांगायला हरकत नसावी.

लिनक्स वापरणारा

आमच्याकडेही तेच झाले. लिनक्सवर आधारलेल्या उबुंटूने एप्रिल २०११ मध्ये ११.०४ आवृत्तीत युनिटी हा नवा इंटरफेस (पडद्याची मांडणी) सर्वांना दिला आणि त्याच महिन्यात आलेल्या ग्नोम ३ या दुसऱ्या इंटरफेसमधून खिडकी लहान करण्याचे बटणही गेले. फरक इतकाच की आमच्याकडे नाराज लोकांनी जुने ग्नोम २ पुढे चालवून माटे नावाचा इंटरफेस तयार केला, आणि मी तिकडे निघून गेलो. फोनपासून संगणकापर्यंत एकच इंटरफेस नेण्याचा युनिटीचा बेत २०१७ मध्ये सोडून देण्यात आला.

तांत्रिक मदतकक्षातील कर्मचारी

२४ ऑक्टोबर २०२२ च्या व्हेंचुरा या मॅकच्या आवृत्तीविषयी कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. जुन्या सिस्टीम प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या खिडकीत, चित्रांची जाळी होती. तिच्या जागी आयफोनसारखी लांबलचक यादी आली, टिकमार्कच्या चौकटींच्या जागी सरकते स्विच आले, आणि ती खिडकी उभी वाढवता येते पण रुंद करता येत नाही. ज्यांच्या हातात आयफोन असतो ते फोनवरून सांगितलेली वाट चटकन पकडतात, हे मी कबूल करतो. परंतु प्रिंटरची अडचण घेऊन येणाऱ्याला यादीच्या पार तळाशी न्यावे लागते, म्हणून आता मी कोणालाही यादी वाचायला लावत नाही. वरच्या शोधचौकटीत शब्द लिहायला सांगतो.

धागाकर्ता

आतापर्यंतच्या अनुभवांत एक गोष्ट अपेक्षेबाहेरची आहे. लाँचपॅडची लायनच्या वेळी सर्वाधिक थट्टा झाली, आणि इथे त्याचे नावही कोणी घेतलेले नाही. ते नियमित वापरणारे कोणी आहे का?

वडिलांचा संगणक सांभाळणारी मुलगी

आहे. मी स्वतः नव्हे, माझे वडील. त्यांना मोजकीच ॲप्स लागतात. ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये शिरले की ते गोंधळतात, आणि डॉकवरची, म्हणजे पडद्याच्या कडेच्या पट्टीवरची, चित्रे ओढली जाऊन नाहीशी होतात. लाँचपॅडच्या पहिल्या पानावर त्यांची तेवढीच चित्रे ठेवून बाकी सर्व मी एका फोल्डरमध्ये दडवले होते, आणि प्रत्येक चित्र कोणत्या ओळीत कितवे आहे हे त्यांना पाठ झाले होते. चित्रांवरची नावे ते वाचत नसत.

१५ सप्टेंबर २०२५ रोजी आलेल्या मॅकओएस टाहोमध्ये लाँचपॅडच काढून टाकले गेले. त्याऐवजी आलेल्या ॲप्सच्या यादीत वर्गवारी आपोआप होते आणि एखादे चित्र आपल्याला हव्या त्या जागी ठेवता येत नाही. तेव्हा मोबाइलवरून आलेली वस्तू काही काढून घेते, हे धागाकर्त्यांचे म्हणणे आमच्या बाबतीत उलटे झाले. इथे मोबाइलवरून आलेली वस्तूच काढून घेतली गेली, आणि हळहळ तितकीच झाली.

सध्याचा उपाय असा आहे. एक नवा फोल्डर करून त्यात लागणाऱ्या ॲप्सचे एलियास (मूळ ॲप उघडणारे शॉर्टकट) ठेवले, तो डॉकच्या उजव्या भागात ओढला आणि त्याचे दृश्य ‘ग्रिड’ केले. त्यात चित्रे मनाप्रमाणे हलवता येत नाहीत, पण नावानुसार क्रम लावता येतो. म्हणून प्रत्येक एलियासच्या नावाआधी आकडा घातला आहे, आणि मेल पुन्हा पहिल्या ओळीत पहिला आला आहे.