'गेलो होतो' म्हणजे 'हॅड गॉन' नाही का? साध्या भूतकाळाचा घोळ

परळकर७
मंडळी, पुढच्या आठवड्यात अंधेरीत कस्टमर केअरसाठी मुलाखत आहे. शिक्षण मराठी माध्यमातलं. वर्तमानकाळ जमतो, भूतकाळ आला की गाडी अडते. 'काल मी दादरला गेलो होतो' याचं 'आय हॅड गॉन टू दादर येस्टरडे' केलं तर चूक म्हणतात. का? होतो म्हणजे हॅडच ना? आणि 'आय डिड नॉट वेंट' यात काय बिघडतं?

शब्दखूण
होतो म्हणजे हॅड, हे समीकरण आधी डोक्यातून काढा. निम्मा घोळ तिथेच आहे.

मराठीत 'दादरला गेलो होतो' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, गेला आणि परतही आला. ही परत आल्याची छटा इंग्रजी क्रियापद दाखवत नाही. काल गेलात, गोष्ट संपली: 'आय वेंट टू दादर येस्टरडे'. बस.

हॅड लागतो तो भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कुठली हे दाखवायला. 'मी स्टेशनवर पोचलो तेव्हा लोकल सुटली होती.' पोचणं नंतरचं, सुटणं आधीचं. म्हणून 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट'. दुसरी घटना वाक्यात किंवा निदान संदर्भात नसेल तर हॅड उगाच लटकतो. मुंबईतल्या ऑफिसांत 'हॅड गॉन' सर्रास चालतं, समोरच्याला कळतंही, पण मुलाखतीत कान टवकारले जातात.

हॅवचंही तसंच. येस्टरडे, लास्ट वीक, टू इयर्स अगो, इन 2021 असे शब्द वेळेला कुलूप लावतात. कुलूप लागलं की हॅव बाहेर. 'आय हॅव कम्प्लीटेड बीकॉम इन 2021' चूक, 'आय कम्प्लीटेड बीकॉम इन 2021' बरोबर. साल काढून टाकलंत तर मात्र 'आय हॅव कम्प्लीटेड बीकॉम' चालेल.

आधीच्या नोकरीबद्दल विचारतीलच. 'दोन वर्षं काम करत होतो' याचं 'आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स' करा. 'वॉज वर्किंग' एखाद्या क्षणी काय चालू होतं त्यासाठी ठेवा. 'आय वॉज वर्क्ड' मात्र कुठेच बसत नाही.

तळटीप
डिडचं सांगतो. मराठीत 'गेलो नाही' म्हणताना भूतकाळ 'गेलो'मध्येच राहतो, 'नाही' नुसतं मागे चिकटतं. त्याच सवयीने 'डिड नॉट वेंट' येतं. इंग्रजीत भूतकाळाचा भार डिड उचलतो, तो एकदाच उचलायचा. मग मूळ क्रियापद मोकळं: 'डिड नॉट गो', 'डिड यू कॉल?', 'व्हेन डिड शी लीव्ह?'

दोन अपवाद. 'कोणी' हाच कर्ता असेल तर डिड लागत नाही: 'हू कॉल्ड?' आणि वॉज-वेअरला डिड कधीच चिकटत नाही: 'वेअर यू ऍट होम?', 'आय वॉज नॉट वेल'.

एक सुख आहे बरं का. आपल्याकडे आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले. तिकडे सगळ्याला एकच 'एट'.

कानसेन
फोनवरचं काम आहे, तर उच्चारही बघा. शेवटी ई-डी दिसलं की आपण 'वॉकेड', 'हेल्पेड' म्हणतो. तो 'इड' फक्त ट किंवा ड या आवाजावर संपणाऱ्या क्रियापदांना: वॉन्टेड, नीडेड. बाकी ठिकाणी नवं अक्षर वाढत नाही. क, प, स, श, च, फ यांच्यानंतर नुसता ट: वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. उरलेल्यांना ड: कॉल्ड, ओपन्ड, प्लेड. शंका आली तर गळ्यावर बोट ठेवून क्रियापदाचा शेवटचा आवाज काढा. थरथरला तर ड, नाही थरथरला तर ट.

वाचताना वर्तमानकाळातलं रीड आणि भूतकाळातलं रेड यांचं स्पेलिंग एकच, तिथे संदर्भच बघावा लागतो.

शब्दखूण
उलटा सापळा राहिला. मराठीतला '-ला' दरवेळी भूतकाळ नसतो. 'आलोच' म्हणजे अजून निघायचंय: 'आय ॲम कमिंग'. 'भूक लागली' म्हणजे आत्ता: 'आय ॲम हंग्री'. 'पाऊस आला तर' हे उद्याचं: 'इफ इट रेन्स'.

आणि याच्या विरुद्ध, 'मला वाटलं तू घरी आहेस' यात आपण 'आहेस' ठेवतो. इंग्रजीत तेही मागे सरकतं: 'आय थॉट यू वेअर ऍट होम'.

परळकर७
करून बघतो. 'ग्राहकाने काल फोन केला होता, पण त्याने नंबर दिला नाही. तो म्हणाला की तो घाईत आहे.'
'द कस्टमर कॉल्ड येस्टरडे, बट ही डिड नॉट गेव्ह हिज नंबर. ही सेड ही इज इन अ हरी.'

तळटीप
कॉल्ड एकदम बरोबर, हॅड टाळलात. 'डिड नॉट गिव्ह' करा. आणि घाई कालची होती, म्हणून 'ही वॉज इन अ हरी'.