मदत हवी आहे: ‘येळ्ळूर’ नीट लिहिणारा ब्रशचा देवनागरी फॉन्ट

मंडळी, आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या कुस्त्यांचं पोस्टर यंदा माझ्या गळ्यात पडलंय. आजवर गावातले पेंटरकाका अक्षरं काढायचे. रंग निथळून घेतलेला चपटा ब्रश आणि ‘जंगी’ची वेलांटी एका दमात. शेवटाला केस फाकून ज्या कोरड्या रेघा उमटतात ना, त्याच मला हव्यात.

‘कलम’ लावून बघितला. देखणा आहे, पण वहीतलं अक्षर वाटतं. ‘यात्रा वन’ रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलेला. ब्रशचा कोन छान धरलाय, पण कडा गुळगुळीत. फ्लेक्सवाल्याकडे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत एक खरबरीत सापडला, तर त्यात शिरोरेघ जुळत नाही. इंग्रजी ब्रश अक्षरं थोडी सुटी राहिली तरी खपतात. आपली सगळी एकाच दोरीला टांगलेली, जोडावर लगेच पायरी दिसते. ‘ळ्ळ’ तर पाय मोडून शेजारीशेजारी, आणि दोन्ही ळ वर तोच ओरखडा! डोकं फिरायलंय.

खाली कन्नडही पाहिजे, बघायला येणारे निम्मे कन्नड बोलणारे. विकतचा फॉन्ट असला तरी सांगा.

कोरा_फळा: मोठ्या अक्षरात शब्द किती?

धागाकर्ता: चार. येळ्ळूर, जंगी, कुस्ती, मैदान. मल्लांची नावं, बक्षिसं वगैरे ‘मुक्ता’ या साध्या फॉन्टात.

कोरा_फळा: मग फॉन्ट कशाला? चार शब्द लिहूनच घ्या. जाड कागद, काळा रंग, ६०० डीपीआयला स्कॅन, मग इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस बिटमॅप, म्हणजे स्कॅनच्या कडांवरून रेघा बनवून घ्यायच्या. इंकस्केप फुकट आहे, आणि एकदा व्हेक्टर (ठिपक्यांऐवजी रेघांचं चित्र) झालं की फ्लेक्स कितीही मोठा करा. खरबरीत फॉन्ट नीट करायचा तर एकेका अक्षराची दोन-तीन रूपं काढून ती आलटूनपालटून येतील अशी सोय ठेवावी लागते. देवनागरीत जोडाक्षरं धरून आधीच शेकडो आकार, त्याच्या तिप्पट कोण काढत बसणार?

रानपाखरू: तोच जुना फॉन्ट वापरायचा झाला तर कोरलड्रॉमध्ये कर्व्ह करा (अक्षरांचे नुसते आकार होतात), प्रत्येक अक्षराची शिरोरेघ छाटा आणि शब्दावरून ब्रशचा एकच लांब फटकारा स्कॅन करून टाका. पेंटर लोकही शिरोरेघ शेवटीच मारतात, बघितलं असेल.

धागाकर्ता: खरंच की, काका शेवटीच मारायचे! त्यांना आता बारीक दिसत नाही, पण वीतभर अक्षराला काय होतंय. उद्या कागद घेऊन जातो. ‘ळ्ळ’ एकाखाली एक काढायचे, तसाच मागतो. पण कन्नड त्यांना येत नाही. त्याचं काय करू? ‘बालू तम्मा’ हा कन्नड फॉन्ट बघितला, फारच गुबगुबीत आहे.

कोरा_फळा: कन्नडला सलग शिरोरेघ नाही, बहुतेक अक्षरांना आपापलं तलेकट्टू, म्हणजे डोक्यावरची छोटी खूण. साध्या फॉन्टात फिकट छापून द्या, काका त्यावरून ब्रश फिरवतील. नंतर कन्नड वाचणाऱ्याला एकदा दाखवा मात्र.